अकरा हातांचा चेक

पारबताबाई कोर्टात यायची ती आरोपीकडे बघायला. फिर्यादीनं प्रत्येक तारखेला हजर राहायलाच हवं असं नसतं. वकील अर्ज देतो, कोर्ट सूट देतं. हे मी तिला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, तरी ती यायची. सकाळच्या एसटीनं उतरायची, हातपाय धुवायची, कोर्टाच्या खोलीत आरोपींच्या बाकासमोर भिंतीला टेकून उभी राहायची आणि मदनशेठच्या तोंडाकडे बघत राहायची. बोलणं नाही, हातवारे नाहीत, शिव्याशाप नाहीत. शेठ आधी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा, मग मोबाइल, मग पंख्याची पाती मोजायचा. एकदा त्याच्या वकिलानं उठून तक्रार केली, की फिर्यादी आमच्या पक्षकारावर दडपण आणते. न्यायाधीशांनी विचारलं, काय करते? वकील म्हणाला, बघते. न्यायाधीशांनी थोडा वेळ फाईल चाळली आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

"मी काई चोरून पाह्यत नाई," ती बाहेर आल्यावर मला म्हणाली. "टेम्पो भरून मासोऱ्या नेल्या त्यानं आमच्या, पन आमच्या तोंडाकडे कधी पाह्यलं नाई. आता पाहू दे."

मी वडशाची. आमच्या गावात तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या आणि नाटक कंपन्यांच्या पाट्या जागोजाग आहेत. त्यांच्यामध्ये कुठेतरी माझीही पाटी होती, ती कुणी वाचत नव्हतं. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल. ज्येष्ठ वकील मंडळी चेकच्या केसेस माझ्याकडे ढकलायची, कारण त्यात भाषण ठोकायला वाव नसतो, नुसता तारखांचा हिशेब सांभाळायचा असतो. अशा दिवसांत, आषाढात, पारबताबाई दहा बायकांना घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. खुर्च्या दोनच होत्या. अकरा जणी खाली बसल्या, मग मलाही खुर्चीत बसवेना.

तिनं कंबरेच्या पिशवीतून प्लास्टिकची पन्नी काढली, पन्नीतून वहीचा कागद, कागदातून चेक. चेकवर या अकरा जणींच्या गटाचं नाव होतं, आकड्यात दोन लाख चाळीस हजार होते, खाली मदनशेठची झोकदार सही होती. अक्षरी रकमेची ओळ कोरी आणि तारखेची आठही घरं रिकामी.

हकीकत तिनं सांगितली ती अशी. त्यांच्या गावाबाहेर माजी मालगुजारी तलाव आहे, आमच्या भागात त्याला मामा तलाव म्हणतात. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या अकरा जणींनी गट केला आणि ग्रामपंचायतीकडून तो ठेक्यानं घेतला. तलाव बेशरमच्या झुडपांनी भरलेला होता. पहिला पूर्ण उन्हाळा त्यांनी ती उपटण्यात घालवला, दुसऱ्या वर्षी मासळीचं बीज सोडलं, तिसऱ्या वर्षी पाणी उतरलं तेव्हा कातला आणि रोहू असे निघाले, की बघायला शेजारच्या गावचे लोक आले. धान-मासळीचा व्यापारी असलेल्या मदनशेठनं सगळा माल बर्फात घालून टेम्पोनं नेला. बँकेच्या पुस्तकात नोंद दिसावी म्हणून बायकांनी रोख नको, चेक द्या म्हटलं. शेठनं दिला. म्हणाला, "तारीख मी सांगीन तवा टाका, बाई. सध्या खात्यात धानाचे पैशे याचे हायेत."

बाकीच्या दहा जणी कुरकुरल्या. पारबताबाईनंच त्यांना समजावलं, मोठा माणूस आहे, थांबू. ठेक्याचे पैसे जूनअखेर भरायचे होते. ती तीनदा शेठकडे गेली, तीनदा चहा पिऊन परत आली. मुदत संपली. ठेक्याचा लिलाव झाला आणि तलाव मदनशेठच्या साळ्यानं, बायकोच्या भावानं घेतला. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर शेठ सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "चेक तर हाये ना तुमच्याजवळ. चौकट करून भिंतीले लावा."

हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. दहा जणींकडे न बघता ती म्हणाली, "थांबा मीच म्हनलं होतं."

त्या चार शब्दांमुळे मी केस घेतली. पैसे बुडालेली माणसं मी रोज पाहत होते. पण ही बाई स्वतःवर चिडली होती आणि तो राग तिला कुठेतरी नेऊन ठेवायचा होता. पुढे सगळी केसभर तो तिनं एकाच माणसाच्या दारात नेऊन ठेवला.

मी तिला समजावून सांगितलं. चेक अर्धवट असला तरी सही खरी असेल आणि देणं खरं असेल, तर ज्याच्या हातात तो चेक दिलाय त्याला उरलेलं भरून घ्यायचा अधिकार कायदा देतो. शेठ तारीख सांगेपर्यंत थांबायचं असं कुठेही लिहिलेलं नाही.

"म्हनजे हे आमी मे महिन्यातच भरू शकत होतो?"

"हो."

"मंग मले त्याच्यापरीस माह्याच कानाखाली माराव वाटून राह्यलं," ती म्हणाली.

मी पेन पुढे केलं, दहा मिनिटांत काम उरकेल या समजुतीनं. पण या गटाची एक रीत होती. तलावातून मासळी निघाली, की अकरा वाटे पडायचे आणि वाटे पाडणारीनं शेवटचा वाटा उचलायचा, म्हणजे पाडताना तिचा हात खोटा चालत नाही. काम असंच वाटायचं. जाळं ओढण्यापासून पंचायतीत पावती फाडण्यापर्यंत कुठलंही काम एकटीनं करायचं नाही. चेक भरणं हेही कामच होतं. मी हसत म्हटलं, एक जण लिहील, बाकीच्या बघा. पारबताबाईनं मानच हलवली.

"एकटीनं केलं तं चूक एकटीच्या डोक्श्यावर येते. मी करून पाह्यलं हाये."

तारखेची घरं आठ. आठ जणींनी एकेक आकडा काढला. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेले आकडे, कुणाचा जाड, कुणाचा कलता. पेन मध्येच अडलं म्हणून एकीनं स्वतःच्या नातीचं हिरव्या शाईचं पेन काढलं. चौथ्या घरात सरजाचा आकडा वाकडा झाला, ती तो गिरवायला गेली तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. कोरी जागा भरणं कायद्याला चालतं, लिहिलेलं खोडून बदललं तर चेक मरतो. नवव्या बाईनं 'दोन लाख' लिहिलं, दहाव्या वनितानं 'चाळीस हजार', आणि पारबताबाईनं शेवटी 'फक्त'. एवढा एक शब्द लिहायला तिला पाच मिनिटं लागली.

मी त्यांना तेव्हाच थांबवायला हवं होतं. अकरा हस्ताक्षरं आणि दोन शाया असलेला चेक कोर्टात काय दिसेल हे मला कळत होतं. पण त्या अकरा जणी माझ्या टेबलाभोवती ज्या गांभीर्यानं बसल्या होत्या, ते बघून माझी जीभ उचलली नाही. वकील म्हणून ती माझी चूक होती आणि मला आजही तिचा पश्चात्ताप होत नाही.

चेक बँकेत टाकला, पाचव्या दिवशी परत आला. बँकेच्या चिठ्ठीवर शेरा होता, खातेदारानं पेमेंट थांबवलं आहे. आम्ही पुढे साक्षीसाठी बँकेच्या अधिकाऱ्याला बोलावलं तेव्हा कळलं, की थांबवण्याचं पत्र शेठनं मे महिन्यातच दिलं होतं, चेक दिल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी. पारबताबाई चहा पिऊन परत येत होती तेव्हा चेक आधीच मेलेला होता. शिवाय शेठच्या खात्यात तेवढे पैसेही नव्हते.

चेक परत आल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते. मी तिसऱ्याच दिवशी पाठवली. पोस्टमनच्या शेऱ्यासह पाकीट परत आलं, 'घेण्यास नकार'. मला आनंद झाला, तिला कळेना.

"त्यानं घेतलंच नाई तं कसं?"

"घ्यायला नकार दिला म्हणजे मिळाली असंच धरतात."

"नाई घेतली तरी भेटली?"

"भेटली."

"हा कायदा मले आवडला, वकीलबाई," ती म्हणाली. "कोनं केला?"

त्यानंतर पंधरा दिवस. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आरोपीनं पैसे भरले, तर गुन्हा होत नाही. ते दिवस पुरते उलटल्यावर एका महिन्याच्या आत फिर्याद द्यायची, एक दिवस आधी दिली तर ती कच्ची ठरते. पारबताबाई जाळ्याच्या दोऱ्याला रोज एक गाठ मारत होती. पंधरावी गाठ मारून ती सकाळीच आली, फिर्याद लिहा म्हणाली. मी सांगितलं, आजचा दिवस अजून शेठचा आहे, आज रात्रीपर्यंत त्यानं पैसे आणून दिले, तर सगळं मिटलं.

तिचा चेहरा उतरला. ती उठून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली. दुपारी जेवायला जाताना मी बघितलं, तर डोळे मिटून पुटपुटत होती. मला वाटलं, पैसे मिळावेत म्हणून देवाला हात जोडतेय. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"मातामाय, त्याले पैशे देऊ नोको देऊ. आजच्या दिवस त्याची बुद्धी अशीच राहू दे. मी तुले कोंबडा देईन."

कर्जदारानं पैसे देऊ नयेत म्हणून नवस बोलणारी माणसं माझ्या वकिलीत तिच्याआधी आली नव्हती, नंतरही नाहीत. शेठनं पैसे दिले नाहीत. गावच्या मातामायला कोंबडा मिळाला आणि माझ्या घरी रस्सा आला.

फिर्याद दाखल झाली, समन्स निघालं आणि शेठ गायब झाला. म्हणजे तो गावातच होता, पण समन्स घेऊन गेलेल्या शिपायाला तो कधीच सापडायचा नाही. 'घरी मिळून आला नाही' असा शेरा चार वेळा आला. शेवटी कोर्टानं जामीनपात्र वॉरंट काढलं. तेही परत यायच्या बेतात होतं. त्याच आठवड्यात पारबताबाई एक गुलाबी पत्रक घेऊन आली. शेजारच्या गावी शंकरपट भरणार होता, बैलजोड्यांच्या शर्यतीचा मोठा जलसा. उद्घाटक म्हणून मदनशेठचं नाव फोटोसकट छापलेलं होतं.

"पोलिसाले पत्ता सापडत नाई म्हनते ना? इथी लिवला हाये. टाइमपन लिवला हाये, सकाळी धा."

मी ते पत्रक अर्जाला जोडलं. पोलीस ठाण्यातले हवालदार हसले, पण गेले. मी मुद्दाम गेले नाही, वकिलानं अशा जागी दिसू नये. पण जे झालं ते मला अकरा जणींनी अकरा वेळा सांगितलं आहे. शेठ मंडपात फेटा बांधून बसला होता. हवालदार वर चढले तेव्हा त्याला वाटलं पोलिसांतर्फे सत्कार आहे, म्हणून तो उठून उभा राहिला. हवालदारांनी वॉरंट वाचून दाखवलं आणि माइक चालूच होता. शेठनं तिथेच जामिनाच्या कागदावर सही केली. बैल सोडायला अर्धा तास उशीर झाला आणि उद्घाटन सरपंचानं केलं.

अकरा जणी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. "आमी काईच बोललो नाई," सरजा मला म्हणाली. "पारबतानं सांगतलं होतं, हसाचं नाई, टाळ्या नाई. फक्त पाहाचं."

हिवाळा सरताना गटातल्या चौघी मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. तलाव असता तर त्यांना जावं लागलं नसतं. वनिता महिनाभरानं परत आली तेव्हा तिची बोटं सोललेली होती. पारबताबाईनं तिचा हात धरून मला दाखवला, मग तसाच कोर्टात नेऊन शेठला दाखवावा अशी तिची इच्छा होती. मी नको म्हटलं. ती घरी गेली, पण वनिताचा तो हात तिनं त्या केसमध्ये कायमचा धरून ठेवला. पैशांबद्दल कुणी बोललं, की ती म्हणायची, "पैशे कोनाले पायजे? मले तो पायजे."

ती चांगली होती असं मी म्हणणार नाही. तिच्या सख्ख्या भावानं वीस वर्षांपूर्वी माशांचा वाटा पाडताना तिला फसवलं होतं. तो मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही, तेराव्याला जेवली आणि जेवण खारट होतं म्हणाली. मी एकदा, दुसऱ्या वर्षी, तडजोडीचा विषय काढला. चेकच्या खटल्यात दोन्ही बाजूंची तयारी असेल तर तडजोड करता येते, शेठचा वकील पैसे द्यायला तयार होता. त्यानंतर दोन महिने ती मला 'सेठाची वकीलबाई' म्हणत होती, तेही माझ्या तोंडावर.

उलटतपासणीच्या आदल्या रात्री मला झोप आली नव्हती. शेठनं जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठा वकील आणला होता. त्यानं चेक भिंगाखाली धरला, न्यायाधीशांना दाखवला आणि पारबताबाईकडे वळला.

"या चेकवर किती लोकांची अक्षरं आहेत?"

"बारा."

वकिलानं अकराच मोजली असावीत.

"बारावं कोणाचं?"

"सेठाच्या मुनीमाचं. आकडे त्यानं टाकले. अकरा आमची."

"म्हणजे माझ्या पक्षकारानं ही तारीख लिहिलेली नाही. ही अक्षरी रक्कम लिहिलेली नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून रचून लिहिली."

"हव. तो पयला आकडा शांताबाईचा. दुसरा मंजूचा. तो चवथा वाकडा दिसते ना, तो सरजाचा, तिचा हात कापे. हिरवा हाये तो कमलचा, तिनं नातीचा पेन आनला होता." तिनं आठही सांगितले, कुणाची मुलगी कुठे दिली तेही सांगायला लागली तेव्हा न्यायाधीशांनी थांबवलं. "आनं शेवटचा शब्द माहा. वाटे पाडनारीनं शेवटी उचलाचं असते."

"म्हणजे कबूल करता, की हा चेक कोरा होता."

"अर्धा होता, साहेब. अर्धा त्यानं ठेवला म्हनूनच आमाले लिवा लागला. तुमी सही कोनाची हाये ते काऊन नाई इचारत?"

वकिलानं ते विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, सही शेठनं आधीच कबूल केली होती, आणि सही कबूल झाली, की चेक खऱ्या देण्यापोटी दिला असं कोर्ट धरून चालतं. नसेल तर ते आरोपीनं दाखवायचं. शेठनं सांगितलं, चेक विश्वासापोटी ठेवायला दिला होता, मासे घेतलेच नव्हते. त्याच्या टेम्पोवाल्यानं साक्षीत सांगितलं, माल दोन फेऱ्यांत नेला. मला मनातून भीती वाटत होती ती त्या अकरा अक्षरांची, त्यांनीच आमचं काम केलं. इतक्या उघडपणे कुणी खोटं करत नाही, असं न्यायाधीशांना वाटलं असावं. निकालात त्यांनी लिहिलं, की उरलेला मजकूर कुणी भरला याला महत्त्व नाही.

सहा महिन्यांची कैद आणि चेकच्या दुपटीच्या जवळपास भरपाई. पारबताबाईनं शिक्षा ऐकली, मग मला विचारलं, "सहाच?" पुढच्या अर्ध्या तासात शेठला अपिलासाठी शिक्षेला स्थगिती मिळाली आणि तो गाडीत बसून निघून गेला. त्या दिवशी ती माझ्यावर जेवढी चिडली तेवढी आधी कधीच चिडली नव्हती. शिक्षा झालेला माणूस घरी जेवायला कसा जातो, याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं.

मात्र अपील करताना वरच्या कोर्टानं त्याला भरपाईचा पाचवा हिस्सा आधी जमा करायला लावला. तो आम्ही अर्ज करून गटाला मिळवून दिला. त्याच जूनमध्ये तलावाच्या ठेक्याची मुदत संपत होती. अकरा जणींनी ते पैसे घेऊन लिलावात बोली लावली आणि तलाव परत आणला. शेठच्याच पैशानं शेठच्या साळ्याला बाहेर काढलं. मी म्हटलं, आता तरी मन शांत झालं असेल. पारबताबाई तलावाच्या पाळीवर बसून पाय पाण्यात सोडून होती.

"तलाव आला," ती म्हणाली. "आता तो गेला पायजे."

"कुठे?"

"चांद्याच्या जेलात. तुमीच तं सांगतलं होतं, सहा महिने."

ती वाळत चालली होती हे मला दिसत होतं. पोटात गाठ होती. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी परत पाठवलं. याच काळात शेठचा निरोप यायला लागला, पूर्ण भरपाई देतो, वर आणखी देतो, तडजोडीवर सही करा. अपिलात तडजोड झाली तर कैद टळते, आणि तडजोडीला फिर्यादीची संमती लागते. फिर्यादी गट होता, गटाची अध्यक्ष पारबताबाई. तिच्या घरचेही म्हणू लागले, पैसे घे, औषधाला होतील.

तिनं गटाची सभा बोलावली, खाटेवर पडून. मला ठराव लिहायला बोलावलं. तडजोड करायची झाली, तर अकराही जणींच्या सह्या लागतील, एकीचीही कमी चालणार नाही. मी लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या, तिनंही केली. मग ती मला जवळ बोलावून म्हणाली, "आता मी सही देनार नाई. जितीपनी नाई आनं मेल्यावर तं अजूनच नाई." तिचं तोंड ओढलेलं होतं, पण डोळ्यांत समाधान होतं. माणूस मरताना इतका रागात असू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. मला ते भयंकर वाटलं आणि आवडलंही.

ती पौषात गेली. तलावाच्या पलीकडच्या काठावर तिला नेलं. मी गेले होते.

बाराव्या दिवशी मदनशेठ स्वतः गावात आला. गाडीत बॅग होती. अपिलाची शेवटची तारीख पंधरा दिवसांवर होती. दहा जणी सरजाच्या ओसरीत बसल्या होत्या, मलाही बोलावून घेतलं होतं. शेठ पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खाली बसला. केस पिकले होते, बोलताना हात जोडत होता. म्हणाला, बायको आजारी असते, दोन पोरी लग्नाच्या आहेत, जेलमध्ये गेलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही. रक्कम त्यानं सांगितली ती ऐकून वनितानं डोळे खाली केले. त्या पैशात तिला आयुष्यभर मिरची तोडायला जावं लागलं नसतं.

मी वकील होते, म्हणून खरं ते सांगितलं. मेलेल्या सभासदाचं नाव कमी करून नवा ठराव करता येतो. दहा जणींच्या सह्याही पुरतील. तुम्ही ठरवाल तसं मी करीन.

कुणी बोललं नाही. शेठनं ते गप्प बसणं आपल्या बाजूचं धरलं आणि तो जरा धीर करून म्हणाला, "बाई चांगली होती. पन आता ती गेली. आता कोनाची ना हाये?"

सरजानं बाकीच्या नऊ जणींकडे एकेक करून पाहिलं. मग शेठकडे.

"तिचीच," ती म्हणाली.

वनितानं बॅग उचलून त्याच्या गाडीत नेऊन ठेवली. पंधरा दिवसांनी अपील फेटाळलं गेलं, शेठ नागपूरच्या कोर्टात गेला, तिथेही काही झालं नाही, आणि उन्हाळ्यात त्याला चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या जेलमध्ये हजर व्हावं लागलं. मला त्याची दया आली नाही. मी ती आणायचा प्रयत्न केला होता.